वाचनालयाच्या जुन्या सीड्यांच्या इमेज फाइली: कामाच्या नोंदी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयात सीड्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा आहे. स्मरणिकांच्या पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइली, मारबतीच्या मिरवणुकीचे फोटो, खंजिरी भजन मंडळाचं रेकॉर्डिंग, सुवर्णमहोत्सवाचं चित्रण, ज्येष्ठ सभासदांच्या मुलाखती. जवळपास सगळ्या सीड्या घरी किंवा डीटीपीच्या दुकानात बर्न केलेल्या. बर्न केलेल्या सीडीत माहिती एका रंगाच्या थरात असते, आणि उष्णतेनं, उजेडानं तो थर खराब होत जातो. आमचा डबा लोखंडी कपाटात होता आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला. नागपूरचा मे महिना त्या भिंतीला किती तापवतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. ग्रंथपाल काकूंनी मागच्या महिन्यात विचारलं, "या सीड्या भंगारात देऊन टाकू का भाऊ? कोणाच्याच कॉम्प्युटरवर लागून नाही राहिल्या." म्हणून काम हाती घेतलं.

सीडीतल्या फाइली नुसत्या कॉपी करायच्या नाहीत, पूर्ण सीडीची इमेज करायची, म्हणजे सगळी सीडी जशीच्या तशी एका फाइलीत उतरवायची, हे पहिल्या दिवशीच ठरवलं. का, ते पुढच्या नोंदींत येईल. ज्यांच्या शाळेत, मंडळात असाच डबा पडून आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

९ नोव्हेंबर

आज एकही सीडी ड्राइव्हमध्ये घातली नाही, फक्त निवडानिवड केली. सीडीची मागची बाजू उजेडात धरून पाहायची. कारखान्यात छापलेली सीडी मागून स्वच्छ चंदेरी दिसते, बर्न केलेलीला हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक असते. लिहिलेला भाग आतल्या बाजूनं सुरू होतो आणि कोऱ्या भागापेक्षा जरा वेगळ्या छटेचा दिसतो, त्यामुळे सीडी किती भरली आहे ते डोळ्यांनीच कळतं. काही सीड्यांवर वेगवेगळे गोल पट्टे दिसले. त्यांवर निरनिराळ्या वेळी थोडं थोडं लिहिलेलं असणार, म्हणून त्या बाजूला काढल्या.

बऱ्याच सीड्यांवर कागदी लेबलं चिकटवलेली आहेत. मदतीला आलेल्या पोरानं एक लेबल सोलायला घेतलं, त्याला लगेच थांबवलं. सीडीचा चंदेरी थर वरच्या बाजूला असतो, जिथे आपण नाव लिहितो तिथे, आणि त्याच्यावर लाखेचा अगदी पातळ लेप. खालून मात्र जवळपास १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक असतं. लेबलासोबत चंदेरी थर निघून आला की त्या जागेवरची माहिती कायमची गेली. खालच्या बाजूचे ओरखडे त्यामानानं परवडतात.

पुसताना मऊ सुती कापडानं, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं. गोल फिरवून नाही. सीडीची चूक-दुरुस्तीची पद्धत ट्रॅकवरची (माहितीच्या गोल फिरत जाणाऱ्या रेघेवरची) सलग साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट भरून काढू शकते. भोकाकडून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्याचा अगदी थोडा भाग खातो आणि दुरुस्ती पुरून उरते. गोल ओरखडा एकाच फेऱ्याचा लांबलचक तुकडा खातो.

१३ नोव्हेंबर

लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून डेस्कटॉपचा साटा जोडणीचा डीव्हीडी रायटर ३५० रुपयांत आणला. घरी हार्ड डिस्कसाठी घेतलेला यूएसबी-साटा अडॅप्टर होता, तो लावला. ट्रे बाहेर येईना, दिवा लागेना. ड्राइव्ह बदलून आणला, तरी तेच. गडबड अडॅप्टरची निघाली. डेस्कटॉपच्या मोठ्या ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, आणि छोट्या हार्ड डिस्कचा अडॅप्टर यूएसबीवरून फक्त ५ देतो. वेगळी १२ व्होल्टची वायर असलेला अडॅप्टर ९०० रुपयांना पडला. दोन संध्याकाळी यात गेल्या.

वाचनालयाच्या जुन्या कॉम्प्युटरमध्येही एक ड्राइव्ह आहे, त्यावर विंडोज आणि इमगबर्न हे सीडी वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर टाकलं. लॅपटॉपवर लिनक्स. दोन वेगळे ड्राइव्ह हाताशी असणं फार महत्त्वाचं आहे. एका ड्राइव्हला न दिसणारी सीडी दुसरा सहज वाचतो.

१६ नोव्हेंबर

सुरुवात सोप्या सीडीनं केली: एका स्मरणिकेची, एकदाच बर्न केलेली, नुसत्या फाइलींची.

इमगबर्न उघडलं की इमेज बनवण्याचे दोन पर्याय समोर येतात आणि त्यातच गोंधळ होतो. एक म्हणतो फाइली आणि फोल्डरांपासून इमेज बनवा, दुसरा म्हणतो डिस्कपासून बनवा. जुनी सीडी जपायची असेल तर दुसराच. पहिला पर्याय फाइली गोळा करून नवीच सीडी मांडतो. मूळ सीडीची मांडणी, तिचं नाव, ती बूट होणारी असेल तर तो भाग, लपलेल्या जुन्या नोंदी, यातलं काहीच त्यात येत नाही.

इमेज म्हणजे सीडीवरचे सेक्टर, म्हणजे माहितीचे ठरावीक मापाचे तुकडे, ओळीनं एका फाइलीत उतरवलेले. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती असते. आजच्या सीडीवर इमगबर्ननं २,९८,४१२ सेक्टर दाखवले. त्याला २०४८ नं गुणलं तर ६१,११,४७,७७६ येतात, आणि तयार झालेली आयएसओ फाइल (डेटा सीडीच्या इमेजचा नेहमीचा प्रकार) नेमकी तेवढ्याच बाइटची होती. हा गुणाकार प्रत्येक सीडीला करायचा. आकडा जुळला नाही तर काहीतरी राहिलंय.

आकडा जुळला म्हणजे सगळं वाचलं गेलं असंही नाही. इमगबर्नमध्ये वाचनातल्या चुकांकडे दुर्लक्ष करण्याची सोय आहे. ती चालू असेल तर न वाचलेल्या सेक्टरच्या जागी रिकामी जागा भरून फाइल पूर्ण होते आणि आकार बरोबर येतो. म्हणून ती सोय बंद ठेवली, आणि प्रत्येक इमेजसोबत सॉफ्टवेअरचा लॉगही जपून ठेवतोय.

१८ नोव्हेंबर

लिनक्सवर डीडी या कॉपी करायच्या आज्ञेनं दुसऱ्या एका सीडीची इमेज करताना अगदी शेवटी 'इनपुट-आउटपुट एरर' आला. सीडी तर नव्यासारखी स्वच्छ. दुसऱ्या ड्राइव्हवरही त्याच जागी अडकली.

सीडी खराब नव्हती. ट्रॅक-ॲट-वन्स, म्हणजे एकेक ट्रॅक सुटा लिहायच्या पद्धतीनं बर्न केलेल्या सीडीत ट्रॅकच्या शेवटी दोन सेक्टर असे राहतात की ते मोजले जातात पण वाचता येत नाहीत. ड्राइव्ह १,७४,३५२ सेक्टर सांगत होता. आयएसओइन्फो या आज्ञेनं सीडीचं स्वतःचं मथळ्याचं सेक्टर तपासलं तर त्यात लिहिलेला आकार १,७४,३५०. डीडीला ब्लॉक २०४८ बाइटचा आणि संख्या १७४३५० अशी बांधून दिली आणि इमेज एकाही चुकीशिवाय पूर्ण झाली. शेवटच्या दोन सेक्टरमध्ये फाइलींचं काहीच नसतं.

या एका चुकीच्या संदेशामुळे चांगल्या सीड्या 'खराब' म्हणून टाकून दिल्या जात असतील. आधी आकार पाहा, मग निर्णय घ्या.

२३ नोव्हेंबर

आज मारबतीची सीडी. या डब्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी.

बाहेरच्यांसाठी थोडं: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत पूर्व नागपूर रस्त्यावर उतरतं. सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचे पुतळे. बडग्यावर काय लिहिलं होतं यावरून त्या वर्षी गावात काय चाललं होतं ते कळतं. वर्तमानपत्रात एखादा फोटो येतो, बाकीचे बडगे संध्याकाळी जाळले की संपलं.

सीडीवर मार्करनं तीन वर्षं लिहिलेली: २००४, २००५, २००६. मागे तीन पट्टेही दिसत होते. ड्राइव्हमध्ये घातली तर विंडोजवर फक्त २००६ चं फोल्डर दिसलं. सरळ इमेज करायला घेतली तर वाचन मध्येच थांबलं, ड्राइव्ह कितीतरी वेळ खर्र-खर्र करत बसला. जेमतेम तयार झालेली आयएसओ फाइल डबल क्लिक करून उघडली (विंडोज ८ पासून हे आपोआप होतं), तर तिच्यात फक्त २००४. एकच सीडी, ड्राइव्हमधून पाहिली तर शेवटचं वर्ष, इमेजमधून पाहिली तर पहिलं, आणि २००५ कुठेच नाही.

कारण समजायला संध्याकाळ गेली, पण समजल्यावर सगळं सरळ झालं. एकाच सीडीवर वेगवेगळ्या वेळी लिहिलं की प्रत्येक वेळी एक सत्र तयार होतं, आणि प्रत्येक सत्राची स्वतःची यादी असते. नवीन सत्र लिहिताना बर्निंग सॉफ्टवेअरला 'आधीचं सत्र पुढे चालू ठेवा' असं सांगितलं तर जुन्या फाइलींच्या नोंदी नव्या यादीत येतात. न सांगितलं तर येत नाहीत. फोटो मात्र जागच्या जागी असतात. वाचनालयाच्या कपाटातलं कार्ड हरवलं तरी पुस्तक फडताळातच असतं, तसं. सीडी ड्राइव्हमध्ये असते तेव्हा ड्राइव्ह 'शेवटचं सत्र अमुक ठिकाणी सुरू होतं' असं सांगतो, म्हणून २००६ दिसलं. इमेज फाइलीला ड्राइव्ह नाही, तेव्हा विंडोज नेहमीच्या जागी म्हणजे सोळाव्या सेक्टरला पाहतं, आणि तिथे पहिल्या सत्राची यादी.

वाचन मध्येच थांबण्याचं कारण वेगळं. पहिलं सत्र संपलं की बंद करायची आणि पुढचं उघडायची जागा लागते: ६७५० सेक्टर, मग ४५००, मग १५०. बेरीज ११,४००. दुसऱ्या सत्रानंतर बंद करायची जागा २२५० वर येते, म्हणून बेरीज ६,९००. या मधल्या जागेत वाचण्यासारखं काही नसतं, पण साधं सॉफ्टवेअर तिथे डोकं आपटत राहतं.

लिनक्सवर वोडिम या सीडीच्या आज्ञेकडून सीडीची सूची काढली. पहिलं सत्र ५२,३१० वर संपलं, दुसरं ६३,७१० वर सुरू. वजाबाकी केली, बरोब्बर ११,४००. दुसरं १,०४,९१५ वर संपलं, तिसरं १,११,८१५ वर सुरू, म्हणजे ६,९००. आकडे असे जुळले की सीडी नीट आहे याची खात्री पटते.

मग डीडीरेस्क्यूनं (खराब डिस्कमधून माहिती काढायचं साधन) तिन्ही सत्रं वेगवेगळी वाचली. त्याला सुरुवातीची जागा आणि लांबी देता येते, आणि आकड्याला रोमन एस जोडला की तो सेक्टरमध्ये मोजतो. प्रत्येक सत्राच्या शेवटचे ते दोन सेक्टर सोडले. तिन्ही वेळा एकच फाइल आणि काय वाचून झालं त्याची नोंद ठेवणारी एकच मॅप फाइल दिली. आपण वेगळं सांगितलं नाही तर डीडीरेस्क्यू माहिती मूळ जागेवरच लिहितो, मधली जागा रिकामी ठेवतो. हे तसंच हवं, कारण प्रत्येक यादीतले पत्ते सीडीच्या सुरुवातीपासून मोजलेले असतात. तिसरं सत्र कापून वेगळी फाइल केली की सगळे पत्ते चुकतात.

आता एकच इमेज आणि तीन दारं. लिनक्सवर ती माउंट करताना, म्हणजे सीडीसारखी उघडताना, एसबीसेक्टर हा पर्याय ६३७१० दिला आणि २००५ चे फोटो उघडले. कोणी तेव्हापासून पाहिलेले नाहीत. एका बडग्यावरची पाटी मोठी करून वाचली, वीज आणि पाण्याबद्दलची. काकूंना दाखवले तर त्यांनी गर्दीत आपला भाचा ओळखला: "अरे बाप्पा, हा तर तेव्हा शाळेत होता!"

काकूंना लिनक्सवर माउंट करायला सांगणं बरोबर नाही. मूळ इमेज तशीच ठेवून तिन्ही वर्षांचे फोटो काढून एक नवी आयएसओही बनवली, इथे इमगबर्नचा पहिला पर्याय वापरून. फोल्डरांची नावं मराठीत दिली. त्यासाठी जॉलिएट चालू लागतं. १९८८ च्या आयएसओ ९६६० मानकाच्या मूळ, सगळ्यात कडक पातळीवर फाइलीचं नाव आठ अक्षरं, मग टिंब, मग तीन अक्षरं, तेही रोमन कॅपिटलमध्ये. जॉलिएट ही मायक्रोसॉफ्टनं जोडलेली वरची पायरी, तिच्यात युनिकोड (म्हणजे मराठीतलीही) नावं ६४ अक्षरांपर्यंत चालतात. जॉलिएटशिवाय एक चाचणी केली तर 'काळी मारबत' आणि 'पिवळी मारबत' ही दोन्ही फोल्डरं नुसत्या खालच्या रेघा झाली.

२९ नोव्हेंबर

खंजिरी भजन मंडळाची ऑडिओ सीडी. मंडळाच्या बुवांनी ती पूर्वी एकदा स्वतः कॉपी केली होती आणि पेनड्राइव्हमध्ये जपून ठेवली होती. त्यात होत्या फक्त सीडीए फाइली, प्रत्येकी ४४ बाइटच्या. गाणं त्यात नसतंच. ट्रॅक कुठे सुरू होतो एवढंच विंडोज त्या रूपात दाखवतं. बुवांना हे सांगताना फार वाईट वाटलं, बरं की सीडी शिल्लक होती.

ऑडिओ सीडीत फाइलींची यादीच नसते, त्यामुळे तिची आयएसओ होऊ शकत नाही. इमगबर्ननं आपणहून बिन आणि क्यू अशी जोडी तयार केली. बिनमध्ये पूर्ण सेक्टर असतो, २३५२ बाइटचा. सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे १,७६,४०० बाइट. सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन बाजू, प्रत्येक नमुना दोन बाइट, हिशोब तोच येतो.

क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडून एकदा वाचा. भीती निघून जाते. पहिल्या ओळीत बिन फाइलीचं नाव, मग प्रत्येक ट्रॅकचा क्रमांक, प्रकार आणि सुरुवात. आमच्या दुसऱ्या ट्रॅकची सुरुवात ०४:३७:५२ अशी होती. मिनिटं, सेकंद आणि शेवटचा आकडा सेक्टर, जो ७४ च्या पुढे जात नाही. चार मिनिटं सदतीस सेकंद म्हणजे २७७ सेकंद, गुणिले ७५, अधिक ५२, झाले २०,८२७ सेक्टर. बिन फाइलीत तितक्या सेक्टरनंतर दुसरं भजन.

दोन अडचणी आल्या. बिन फाइलीचं नाव बदललं की क्यू उघडेना, कारण आतल्या ओळीत जुनंच नाव. ते नोटपॅडमध्ये बदललं. पण तिथे मराठी नाव लिहिलं तर विंडोजवरच्या प्लेअरनं ते ओळखलं नाही, म्हणून जोडीची नावं रोमन लिपीतच ठेवली आणि मराठी नाव फोल्डरला दिलं. दुसरी अडचण लिनक्सवर: सीडीआरडीएओ या आज्ञेनं वाचलेली बिन वाजवली तर भजनाऐवजी नुसता खरखराट. तो ऑडिओचे बाइट उलट क्रमानं लिहितो. बीचंक या बिन फोडणाऱ्या साधनाला बाइट अदलाबदल करायला सांगून वेव्ह फाइली काढल्या, आवाज स्वच्छ आला.

ऑडिओबद्दल एक सावधगिरी. डेटाच्या सेक्टरमध्ये दुरुस्तीचा एक जादा थर असतो, ऑडिओत तो नसतो. जिथे वाचता येत नाही तिथे ड्राइव्ह अंदाजानं आवाज भरतो आणि काही बोलत नाही. म्हणून सीडीपॅरानोइया या काळजीपूर्वक वाचणाऱ्या साधनानं पुन्हा वाचून दोन्ही वाचनं ताडून पाहिली. हे एकाच ड्राइव्हवर करायचं. दोन ड्राइव्ह काही नमुने पुढे-मागे वाचायला सुरुवात करतात, त्यामुळे आवाज तोच असूनही चेकसम (फाइलीच्या बाइटवरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळत नाही.

३ डिसेंबर

सुवर्णमहोत्सवाची व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओची सीडी. ८० मिनिटांची म्हणजे '७०० एमबी'ची सीडी, पण बिन फाइल ८०० एमबीच्या घरात. चूक नाही. ८० मिनिटांत ३,६०,००० सेक्टर बसतात. २०४८ नं गुणलं तर ७०३ एमबी, पूर्ण २३५२ नं गुणलं तर ८०७. व्हीसीडीच्या चित्राच्या ट्रॅकमध्ये सेक्टरमागे २३२४ बाइट कामाचे असतात, २०४८ ची आयएसओ केली तर चित्र कापलं जातं. बिन-क्यू करून व्हीसीडीएक्सरिप या साधनानं एमपीईजी व्हिडिओ फाइल काढली. ३५२ बाय २८८ चं चित्र, पण भाषणं स्पष्ट ऐकू येतात.

७ डिसेंबर

पूर्वी स्मरणिकेचं काम करणाऱ्या डीटीपीवाल्या काकांनी जुन्या हार्ड डिस्कवरून एक एनआरजी फाइल आणून दिली. ही नीरो या बर्निंग सॉफ्टवेअरची इमेज. तिला नुसतं आयएसओ असं नाव दिलं तर विंडोज म्हणालं फाइल खराब आहे.

नावावर विश्वास ठेवायचा नाही, आत पाहायचं. कुठल्याही हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलीचे बाइट दाखवणाऱ्या साधनात) इमेज उघडा आणि रोमन सी, डी, मग शून्य, शून्य, एक ही पाच अक्षरं शोधा. आयएसओ ९६६० ची ती सही आहे. ती कितव्या बाइटला सापडते यावरून फाइल कुठल्या जातीची आहे ते कळतं. ३२,७६९ वर सापडली तर साधी आयएसओ, मग नाव काहीही असो. ३७,६४९ वर सापडली तर मोड एकची (साध्या डेटा सेक्टरची) पूर्ण सेक्टरांची बिन: सोळा गुणिले २३५२, त्यापुढे सेक्टरचं डोकं १६ बाइटचं आणि एक बाइट प्रकाराचा. ३७,६५७ वर असेल तर मोड दोन, त्यात डोकं २४ बाइटचं.

आमच्या फाइलीत ती ३,३९,९६९ वर निघाली. त्यातून ३२,७६९ वजा केले तर ३,०७,२०० उरतात, म्हणजे १५० सेक्टर गुणिले २०४८. सुरुवातीला दोन सेकंदांची मोकळी जागाही नीरोनं साठवलेली. फाइलीच्या अगदी शेवटी नीरोची स्वतःची सूचीही दिसली. एनआरजीटूआयएसओ या साधनानं सुरुवातीचे ३,०७,२०० बाइट कापले आणि फाइल उघडली.

आत पेजमेकरची स्मरणिका आणि शेजारीच 'फॉन्ट' नावाचं फोल्डर. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर हीच स्मरणिका आधीपासून आहे, कोणीतरी तेवढीच फाइल सीडीवरून कॉपी केलेली. ती उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं, कारण मजकूर युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे आणि फॉन्ट कॉपी करायचा राहिला. पूर्ण सीडीची इमेज होती म्हणून फॉन्ट सापडला. तो टाकल्यावर अध्यक्षांचं मनोगत पहिल्या ओळीपासून वाचता आलं.

११ डिसेंबर

विधानभवनात अधिवेशन सुरू, बर्डीकडचे रस्ते मोर्चांनी भरलेले. नवी हार्ड डिस्क आणायला जाता आलं नाही. घरी एक सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी) तपासली. विंडोजनं विचारलं, 'फॉरमॅट करायची का?' नाही म्हटलं. फ्लॉपीसारखी थोडं थोडं लिहून वापरलेली, यूडीएफ या वेगळ्या मांडणीची ती सीडी आहे. तुम्हालाही हा प्रश्न आला तर 'हो' दाबू नका.

१४ डिसेंबर

मुलाखतींची सीडी. मुलाखती देणारे बरेच जण आता नाहीत, म्हणून ही नीट तयारी झाल्यावरच हातात घ्यायची असं ठरवलं होतं. बाहेरच्या कडेला रंग उडालेला, मागून पिवळट.

डीडीरेस्क्यूला ब्लॉक २०४८ दिला आणि आधी हट्ट न करता वाचायला सांगितलं: जिथे अडेल तिथे सोडून पुढे जा. आजारी सीडीला आधी सोपा भाग काढून घ्यावा, नाहीतर ड्राइव्ह एका जागी झगडत असताना बाकीची सीडी तापते. सुमारे ९७ टक्के आलं. मग थेट वाचनाचा पर्याय लावून त्याच जागा पुन्हा वाचायला लावल्या. थोडं आणखी आलं.

मग सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तीच इमेज, तीच मॅप फाइल. मॅप फाइलीत कुठला भाग वाचून झाला आणि कुठला राहिला त्याची नोंद असते, त्यामुळे दुसरा ड्राइव्ह फक्त राहिलेल्या जागांवर गेला. पहिल्याला न जमलेले बरेचसे सेक्टर त्यानं काढून दिले. शेवटी २१२ सेक्टर उरले, ते कशानेच आले नाहीत.

ते कुठल्या मुलाखतीत आहेत हे शोधायला डीडीरेस्क्यूचा भरण-पर्याय वापरला. इमेजची प्रत करून तिच्यात न वाचलेल्या सेक्टरमध्ये एक ठरावीक वाक्य भरून घेतलं, ती प्रत माउंट केली आणि ते वाक्य कुठल्या फाइलीत सापडतं ते ग्रेप या शोधायच्या आज्ञेनं पाहिलं. दोनच फाइली. मुलाखती १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री आहेत, सेकंदाला १६,००० बाइट, म्हणजे एक सेक्टर साधारण सेकंदाचा आठवा भाग. सगळं मिळून सत्तावीस सेकंद गेली. एका आजींच्या मुलाखतीत जुनी शुक्रवारी या वस्तीच्या आठवणी सांगताना आवाज तीनदा तुटतो, बाकी सलग ऐकू येतं. कुठल्या मिनिटाला तुटतो ते मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवलं, म्हणजे पुढे कोणी ती संपादकाची काटछाट समजणार नाही.

२१ डिसेंबर

एक टीबीची हार्ड डिस्क आली, ४,८०० रुपये. दुसरी प्रत एका सभासदाच्या घरच्या डिस्कवर. प्रत्येक सीडीला एक फोल्डर: इमेज (आयएसओ, किंवा बिन आणि क्यू), लॉग, मॅप फाइल असेल तर ती, सीडीच्या वरच्या बाजूचा फोटो, आणि एसएचए-२५६ चेकसम. प्रत दुसऱ्या डिस्कवर नेल्यावर चेकसम पुन्हा काढून ताडला. सीडीचा फोटो विसरू नका. मार्करनं लिहिलेली तारीख आणि अक्षर इमेजमध्ये येत नाही, आणि ते अक्षर कोणाचं यावरून आम्हाला दोन सीड्यांचं वर्ष लागलं.

भजन मंडळाला आणि मारबतीचे फोटो मागणाऱ्यांना सीडीच हवी होती, कारण घरी प्लेअर तोच. कोऱ्या सीड्या वीस रुपयांना एक मिळाल्या. मंडळाच्या एका मुलानं स्वतः बर्न करून पाहिली, तर सीडीत नुसती एक आयएसओ फाइल दिसत होती. ती फाइल सीडीवर ओढून टाकायची नसते. विंडोज ७ पासून पुढे फाइलीवर राइट क्लिक करून 'डिस्क इमेज बर्न करा' म्हणायचं, किंवा इमगबर्नमध्ये इमेज डिस्कवर लिहिण्याचा पर्याय घ्यायचा. लिहून झाल्यावर तपासणीची खूणही करायची, वेळ जवळपास दुप्पट लागतो पण लागू द्या. भजनांच्या सीडीसाठी बिन नाही, क्यू फाइल निवडायची.

डब्यात ती सीडी-आरडब्ल्यू आणि चंदेरी थर सुटलेल्या काही सीड्या राहिल्यात. आरडब्ल्यूची कच्ची इमेज लॅपटॉपवर आली आहे. आतली यूडीएफ सूची वाचायचं काम संक्रांतीनंतर.